बंद पडलेली एक्सटर्नल हार्ड डिस्क घरी दुरुस्त होते का? अडॅप्टर, फुकटची सॉफ्टवेअरं आणि लॅब, सगळ्यांचा रिव्ह्यू

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालचं सगळं वाचायला नको. डबा दुरुस्त होतो, डिस्क होत नाही. डबा म्हणजे बाहेरचं कव्हर, त्याच्या आतलं यूएसबीचं छोटं सर्किट, केबल, पॉवरचा अडॅप्टर, हे सगळं घरी बदलता येतं. फाइल सिस्टम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची मांडणी, बिघडली असेल तर तीही बऱ्याचदा घरी निस्तरता येते. पण आतली खरी डिस्क, म्हणजे फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावरून पळत डेटा वाचणारी-लिहिणारी हेड्स, तिथे बिघाड असेल तर घरी काही करायचं नाही, आणि काही नाही म्हणजे खरंच काही नाही, "एकदा परत लावून बघू" हेसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे डिस्क दुरुस्त होणं आणि डेटा परत मिळणं यात लोक गल्लत करतात. एकदा खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा) द्यायला लागलेली किंवा खटखटायला लागलेली डिस्क, तिच्यातून तुम्ही सगळे फोटो काढले तरी, पुन्हा वापरायची नसते. घरी जे करायचं ते डेटा बाहेर काढण्यापुरतंच.

ओळखीतल्यांच्या बंद पडलेल्या डिस्क माझ्याकडे येत असतात (एकदा कुणाची तरी वाचवली की नाव होतं, मग सुटका नाही), त्यामुळे या कामाला लागणाऱ्या बहुतेक वस्तू वापरून झाल्यात. हा रिव्ह्यू त्या वस्तूंचा, कुठली कामाची आणि कुठली नुसती दिखाऊ.

पण काहीही विकत घ्यायच्या आधी केबल. एक्सटर्नल डिस्कच्या मागे तो चपटा, दोन भाग असलेला जो सॉकेट असतो, यूएसबी ३ चा मायक्रो-बी, तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग आहे, केबल लावलेली असताना डिस्क टेबलावरून इकडची तिकडे सरकवली, बॅगेत कोंबली, की तो सैल होतो आणि मग डिस्क दिसते-जाते-दिसते-जाते. दुसरी चांगली केबल लावून बघा, तीही छोटी. पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, पुढच्या नाही, आणि हब मध्ये आणू नका. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि छोट्या अडीच इंची डिस्कला मोटर सुरू होताना त्या क्षणी यापेक्षा जास्त करंट ओढायची गरज पडू शकते. जुन्या लॅपटॉपच्या दमलेल्या पोर्टवर डिस्क बारीक बीप-बीप करते आणि फिरतच नाही, लोकांना वाटतं गेली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की चालू. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, तोही मरतो आणि बऱ्याचदा डिस्कच्या आधी मरतो. दिवा लागतो म्हणून अडॅप्टर चांगला असं समजू नका, दिव्याला काय लागतं, मोटर फिरवायला लागतो तो खरा करंट.

मॅकवाल्यांसाठी एक खास. एक्सफॅट फॉरमॅटची डिस्क नीट इजेक्ट न करता ओढून काढली असेल आणि परत लावल्यावर ती दिसतच नसेल, तर अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून एफएससीके नावाने सुरू होणारी प्रोसेस चालू आहे का बघा. सिस्टम मागच्या मागे तपासणी करत असते, डिस्क मोठी असेल तर त्याला भरपूर वेळ लागतो, आणि तोवर स्क्रीनवर काहीही येत नाही. काही न करता थांबायचं. लोक या टप्प्यावर घाबरून केबल उपटतात आणि मग खरंच बिघडते.

आता कान. डिस्क लावल्यावर नीट ऐका, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे. एकसारखी गुणगुण, हलकी कुरकुर, म्हणजे फिरतेय, वाचायचा प्रयत्न करतेय, आशा आहे. ठराविक अंतराने टक-टक-टक आणि मग मोटर बंद, म्हणजे हेड्स गेली किंवा त्यांना वाचता येत नाहीये. इथेच केबल काढायची आणि पुन्हा लावायची नाही. चांगल्या पोर्टवर, चांगल्या केबलने पण नुसती बीप किंवा गुरगुर येत असेल तर मोटर अडकलीय किंवा हेड तबकडीला चिकटून बसलंय, तेही घरचं काम नाही. आणि अगदी शांत, काही कंप नाही, दिवा नाही, म्हणजे वीज आत पोचत नाहीये, आणि गंमत म्हणजे चारही प्रकारांत बघायला सगळ्यात भीतीदायक हा वाटतो पण घरी सुटण्याची शक्यता याच्यात बरीच असते.

तर पहिली वस्तू, यूएसबी ते साटा अडॅप्टर (साटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरच्या आत जिथे जोडतात ती जोडणी). एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला साटाचा डेटा आणि पॉवरचा लांबट कनेक्टर. डॉक म्हणून उभा डबाही मिळतो, काम तेच. बहुतेक एक्सटर्नल डिस्कच्या आत साधी साटाची डिस्क असते आणि तिच्या टोकाला एक छोटं ब्रिज सर्किट खोचलेलं असतं जे साटाचं यूएसबी करतं. ते सर्किट मेलं तर कव्हर उघडायचं, सर्किट ओढून काढायचं, डिस्क अडॅप्टरला लावायची आणि सगळा डेटा समोर. असं झालं की माणूस खूश होतो आणि आपल्याला जादूगार समजतो, पण खरं तर आपण फक्त एक प्लग बदललेला असतो. बऱ्याच कव्हरला स्क्रू नसतात, कडेला लॅचेस असतात, प्लास्टिकचं जुनं कार्ड किंवा गिटारचा पिक घालून हळूहळू फिरवायचं. एकदोन लॅचेस तुटतात, तुटू देत. वॉरंटी मात्र इथेच संपते, ते आधी ठरवून घ्या.

अडॅप्टर घेताना काय बघायचं तर सगळ्यात आधी, सोबत १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे का. नुसता यूएसबीवर चालणारा अडॅप्टर अडीच इंचीलाच चालतो, साडेतीन इंची त्याच्यावर हलणारसुद्धा नाही. मग तो स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पुढे पाठवतो का. स्वस्तातले काही अडॅप्टर ती अडवतात आणि मग डिस्कची तब्येत कळायचा मार्गच बंद. आणि खराब सेक्टर आला की काही अडॅप्टर स्वतःच गोठतात, कॉम्प्युटरला वाटतं डिस्क निघून गेली. त्यामुळे घरात डेस्कटॉप असेल तर खरं सांगू का, अडॅप्टर घेऊच नका, मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट लावा, फुकट आणि जास्त भरवशाचं. लॅपटॉपवाल्यांना मात्र पर्याय नाही. माझ्याकडून अडॅप्टरला पाचपैकी चार, एक मार्क कापला तो खालच्या तीन भानगडींसाठी, ज्या पॅकिंगवर कुणी लिहीत नाही.

पहिली भानगड, आत साटा असतोच असं नाही. अडीच इंची पोर्टेबलमध्ये, विशेषतः वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच माय पासपोर्ट मॉडेलमध्ये, यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्याच सर्किट बोर्डवर सोल्डर केलेला असतो. कव्हर उघडून बघता तर साटाचा कनेक्टर नावालाही नाही. अडॅप्टर मग ड्रॉवरमध्ये. त्या बोर्डवरून साटाचे पॉइंट शोधून वायर सोल्डर करतात किंवा त्याच जातीचा साटावाला बोर्ड लावून मूळ बोर्डवरची माहिती त्यावर चढवतात, पण हे ज्याचा हात बसलाय त्याचं काम.

दुसरी भानगड जास्त वाईट. काही एक्सटर्नल डिस्कमध्ये ब्रिज सर्किटच सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहितं, तुम्ही कधी पासवर्ड ठेवला नसला तरी. माय बुक, माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलमध्ये हे आहे. डिस्क काढून अडॅप्टरला लावली की ती ओळखली जाते, साइझ बरोबर दिसते, पण आत सगळा कचरा, आणि विंडोज विचारतं इनिशियलाइज करू का. नाही. अजिबात नाही. तिथे तुमचं जुनं ब्रिज सर्किट जपून ठेवायचं, फेकायचं तर मुळीच नाही, कारण डेटा उलगडायला तेच किंवा त्याच चिपचं दुसरं लागतं.

तिसरी तुलनेने साधी. २ टीबीच्या वरच्या काही डिस्कमध्ये ब्रिज सर्किट कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतं, आणि थेट लावल्यावर तीच डिस्क ५१२ बाइटचे दाखवते. पार्टिशन टेबलमधले, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो त्या यादीतले, आकडे मग चुकीच्या जागी बोट दाखवतात आणि डिस्क रिकामी वाटते. डेटा जिथल्या तिथे असतो. तसंच ब्रिज असलेला डबा मिळाला तर सगळं परत दिसतं, नाहीतर खाली सांगितलेल्या टेस्टडिस्कसारख्या टूलला सेक्टरचा आकार हाताने सांगावा लागतो.

डिस्क दिसायला लागली की लगेच फोल्डर उघडून फोटो बघत बसू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो, विंडोजवर फुकट, उघडलं की निळं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. (लिनक्सवाल्यांना स्मार्टसीटीएल माहिती असेलच.) बघायचे आकडे चारच. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत आणि निर्णय बाकी आहे असे, सी६ म्हणजे तपासणीत हाती न लागलेले, आणि सी७ वाढत असेल तर संशय डिस्कवर नाही, केबलवर. एक लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, मुळात हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) दाखवतं, सेटिंगमध्ये दशमान करून घ्या नाहीतर उगाच छातीत धडकी. सीगेटच्या डिस्कमध्ये रीड एरर रेटचा आकडा भलामोठा असतो, तो त्यांचा नेहमीचा हिशेब आहे, त्याच्यावरून डिस्क गेली असं ठरवू नका. सॉफ्टवेअर म्हणून पाचपैकी साडेचार. फक्त सगळं निळं आहे म्हणून डिस्क उद्या मरणार नाही याची हमी तेही देत नाही, स्मार्ट एकदम चांगलं दाखवत असतानाही डिस्क अचानक गेलेल्या आहेत.

आता या सगळ्यातला खरा हिरो, ग्नू डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं, २००४ पासून आहे, फुकट आहे, दिसायला अत्यंत रुक्ष, काळ्या स्क्रीनवर आकडे पळतात एवढंच. पण पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कित्येक रंगीबेरंगी सॉफ्टवेअरांपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवते, कारण याला प्रश्नच बरोबर कळलाय. मरायला टेकलेल्या डिस्कमधून फाइल कॉपी करायला गेलं की विंडोज एका खराब जागेवर अडून बसतं, तिथेच परत परत डोकं आपटतं, आणि तेवढ्या वेळात डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य संपतं. डीडीरेस्क्यू उलट करतं, वाचायला सोपं आहे ते आधी भराभर उचलतं, अवघड जागा आली की उडी मारून पुढे जातं, आणि अवघड जागांकडे सगळ्यात शेवटी परत येतं. मरणाऱ्या डिस्ककडून आधी काय घ्यायचं हा क्रम त्याला समजतो. आणि फाइल फाइल बघत बसत नाही, अख्ख्या डिस्कची सेक्टरनुसार इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतं, पुढची सगळी शोधाशोध त्या इमेजवर करायची, मूळ डिस्क काढून बाजूला.

त्याची मॅपफाइल म्हणजे सगळ्यात सुंदर गोष्ट. कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याची नोंद ती ठेवते, त्यामुळे वीज गेली, डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं, केबल निघाली, काही झालं तरी तीच कमांड परत द्यायची, थांबलं होतं तिथून पुढे. मॅपफाइलचं नाव न देता चालवणारे लोक बघितलेत आणि नंतर त्यांचे चेहरेही बघितलेत. पहिल्या फेरीला एन ऑप्शन, म्हणजे अवघड भाग खरवडत बसू नकोस, आणि ते झाल्यावर दुसऱ्या फेरीला डी आणि आर ३, म्हणजे थेट वाच आणि राहिलेल्यांना तीनदा प्रयत्न कर. बस. याच्यापुढे ऑप्शन खूप आहेत पण घरच्या कामाला एवढे पुरतात.

तोटे आहेतच. विंडोजवर नीट चालवायचं तर कटकट, त्यामुळे पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यूसारखं लाइव्ह लिनक्स टाकून त्यावरून बूट करणं सोपं. उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे आणि कमांड मात्र डीडीरेस्क्यू, आणि मध्ये अंडरस्कोर असलेलं तशाच नावाचं वेगळ्याच माणसाचं वेगळं टूल आहे, त्याचे ऑप्शन वेगळे, इंटरनेटवरच्या सूचना मिसळू नका. आणि सगळ्यात मोठा धोका, कमांडमध्ये आधी मूळ डिस्क आणि मग नवी, हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल आणि ते टूल तुमची दया करणार नाही. एंटर दाबायच्या आधी मॉडेल नंबर आणि साइझ बघून कुठली डिस्क कोण ते वहीत लिहून घ्या, मोबाइलमध्ये नाही, वहीत, समोर ठेवून. इमेज घ्यायला मूळ डिस्कएवढी किंवा मोठी रिकामी जागा लागते हेही लोक विसरतात, १ टीबीच्या डिस्कमध्ये फोटो ४० जीबीच असले तरी इमेज १ टीबीची.

वेळेचा अंदाज देते. १ टीबी, सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. यूएसबी २ ला लावली असेल तर वेग ३०-३५ एमबीवर येतो, मग आठ-नऊ तास. आणि डिस्क आजारी असेल, वेग १ एमबीवर आला, तर तोच १ टीबी साडेअकरा दिवस. त्या वेगाला आलात की थांबून विचार करायचा, हा डेटा खरंच इतका लागतोय का, आणि लागत असेल तर लॅबला का नाही द्यायची. आणि चालू असताना टकटक सुरू झाली तर लगेच बंद, टूल कितीही हुशार असलं तरी हेड तबकडी खरवडत असेल तर ते काय करणार. पाचपैकी पाच.

इमेज हातात आली की टेस्टडिस्क आणि फोटोरेक, दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांची, एकाच पॅकेजमध्ये येतात, फुकट. विंडोज "फॉरमॅट करा" म्हणतंय, डिस्क रॉ दाखवतंय (म्हणजे फाइल सिस्टम त्याला ओळखता येत नाहीये), अशा वेळी टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं, बूट सेक्टरची राखीव प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्त करतं, आणि काही न बदलता आतल्या फाइलींची यादी दाखवून दुसरीकडे कॉपी करू देतं. मी जवळजवळ नेहमी हा कॉपीचाच रस्ता घेते. फोटोरेकचं वेगळं, ते फाइल सिस्टमकडे बघतच नाही, सेक्टर वाचत जातं आणि जेपेगची सुरुवात दिसली की जेपेग, पीडीएफची दिसली की पीडीएफ, असं ओळखून उचलतं, ४८० हून जास्त एक्स्टेन्शन त्याला ओळखता येतात. मिळतं खूप. पण फाइलींची नावं नाहीत, फोल्डर नाहीत, हजारो फाइलींचा ढीग एफ आणि पुढे आकडे अशा नावांनी, त्यात ब्राउझरने साठवलेली चिंटुकली चित्रंसुद्धा. लग्नाचा अल्बम मिळाला पण कुठल्या दिवसाचं काय ते तारखेवरून जुळवत बसा. त्यामुळे आधी टेस्टडिस्क, ते हरलं तरच फोटोरेक. टेस्टडिस्कला साडेचार, फोटोरेकला साडेतीन, आणि तो अर्धा जास्तीचा मार्क केवळ इतर काहीच चालत नाही तेव्हा ते चालतं म्हणून.

विकतच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. वाईट आहेत असं नाही, एखाददुसरं खरंच चांगलं आहे, फोल्डरची रचना परत उभी करण्यात फोटोरेकपेक्षा कितीतरी पुढे. पण डेमोमध्ये स्कॅन करू देतात, फाइलींची हिरवी हिरवी यादी दाखवतात आणि सेव्ह दाबलं की पैसे. यादीत नाव दिसतंय म्हणजे फाइल उघडेल असं नाही, प्रिव्ह्यू उघडून दिसला तरच पैसे भरा. आणि एकही सॉफ्टवेअर, कितीही किमतीचं, बिघडलेलं हेड दुरुस्त करत नाही. जाहिरातीत तबकडीचं चित्र असतं म्हणून विचारतात लोक.

विंडोजचं स्वतःचं चेकडिस्क, यावर मी थोडी चिडलेली आहे. सगळीकडे पहिला सल्ला तोच असतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही, जी नोंद त्याला जुळत नाही ती ते कापून टाकतं, आणि मग फाउंड झिरोझिरोझिरो नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके एक्स्टेन्शनचे तुकडे सापडतात. चांगल्या डिस्कवर, वीज गेल्यामुळे गोंधळ झाला असेल, तर ठीक आहे, चालवा. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर, इमेज न घेता, आर ऑप्शन लावून रात्रभर सोडून देणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावण्यासारखं आहे.

चुकून फॉरमॅट झालेल्यांसाठी एवढंच की क्विक फॉरमॅट असेल तर बरंच काही परत मिळतं, पण विंडोज विस्टापासून पुढे फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, तिथे आशा ठेवू नका. एक्सटर्नल एसएसडी आणि काही नव्या एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कमध्ये ट्रिम नावाची सोय असते, डिलीट केलेली जागा डिस्क आतूनच रिकामी मानते, त्यामुळे तिथे डिलीट म्हणजे खरोखर गेलं अशी शक्यता खूप.

मग व्हिडिओंमधले उपाय. फ्रीजरमध्ये ठेवणं हा सगळ्यात लाडका. डिस्क थंड करून बाहेर काढली की हवेतली वाफ तबकडीवर जमते, आणि हेड त्या तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर उडत असतं, माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड, तिथे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. चिकटलेलं हेड सुटावं म्हणून हलकेच आपटणं, तेच. झाकण उघडून बोटाने हेड बाजूला करणं, व्हिडिओत ते सुटतं आणि डिस्क फिरते, पण त्यानंतर किती वेळ चालली ते व्हिडिओत नसतं. मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये तर आत हवा नसून हेलियम असतो, झाकण उघडलं की संपलंच.

सर्किट बोर्ड बदलण्याचं थोडं वेगळं आहे. जुन्या डिस्कमध्ये त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावला की चालायची. आता प्रत्येक डिस्कच्या हेड्सची खास मापं बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतात (काहींत मुख्य चिपच्या आतच), ती चिप जुन्या बोर्डवरून नव्यावर न्यावीच लागते. नुसता बोर्ड लावला तर डिस्क फिरते आणि खटखटते, आणि विकणारा म्हणतो आमचा बोर्ड चांगला आहे, तुमची डिस्कच खराब.

एक उपाय मात्र खराखुरा आहे. साडेतीन इंची डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पिन बसते ना, आणि डिस्क एकदम मुकी. बोर्डवर ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनला एकेक टीव्हीएस डायोड असतो, जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. मल्टिमीटरने मोजलं आणि जवळपास शून्य ओहम आलं तर तो डायोड काढून टाकल्यावर डिस्क बऱ्याचदा जिवंत होते. पण नशीब असेल तरच, कधी डायोडच्या आधी ब्रिज सर्किट जळतं (तेव्हा डिस्क सुखरूप असते, फक्त अडॅप्टर लागतो), कधी मोटरची चिपही जाते. डायोड काढल्यावर संरक्षण नाही, म्हणून बरोबर व्होल्टेजच्या चांगल्या सप्लायवर, एकदाच, सगळा डेटा काढेपर्यंत. मल्टिमीटर धरता येत नसेल तर साध्या इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाल्याला नेमकं हेच सांगा, बोर्ड काढून नुसता बोर्डच द्या, डिस्क देऊ नका.

राहिली लॅब. ही सेवा महाग आहे आणि का महाग आहे ते कळलं की राग थोडा कमी होतो. हेड्स बदलायला त्याच मॉडेलची, शक्यतो जवळच्या बॅचची दुसरी चालू डिस्क विकत घेऊन तिचा बळी द्यावा लागतो, ते काम धूळ गाळलेल्या हवेत करायचं, आणि पुढे पीसी ३००० सारखं खास हार्डवेअर लागतं जे डिस्कच्या फर्मवेअरशी, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरशी, थेट बोलतं. आणि एवढं करूनही हमी नाही. माझा अनुभव मिश्र आहे. एका ठिकाणी फोनवरच "शंभर टक्के मिळेल" म्हणाले, तिथे डिस्क दिलीच नाही, न बघता जो खात्री देतो त्याने डिस्क बघितल्यावर काय सांगायचं उरतं. दुसरीकडे तपासणी करून लेखी दिलं की हेड गेलंय, एक तबकडी खरवडली आहे, दोनतृतीयांशच्या आसपास निघेल, आणि तेवढंच निघालं. मला हे दुसरं आवडलं, कमी मिळालं तरी.

द्यायच्या आधी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे का, डेटा मिळाला नाही तर काय घेणार, डिस्क तुम्हीच उघडणार की पुढे दुसऱ्या कुणाला पाठवणार, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, आणि काम झालं नाही तर डिस्क त्याच अवस्थेत परत मिळणार का. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो तिथून निघा. आणि तुम्ही स्वतः घरी काय काय केलंय ते लपवू नका, झाकण उघडलं असेल तर सांगा, त्यांना ते पहिल्या मिनिटात कळणारच आहे, तुमच्याकडून कळलं तर निदान डिस्कला वीज द्यायच्या आधी कळेल.

वॉरंटीचं विचारतात म्हणून. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या डेटाची नाही. कंपनी बदलून देते ती दुसरी, रिकामी डिस्क, आणि तुमची जुनी त्यांच्याकडे जाते ती परत येत नाही. म्हणजे डेटा हवा असेल तर आधी तो काढायचा आणि मग वॉरंटी, आणि काढण्यासाठी कव्हर उघडलं तर वॉरंटी गेली, दोन्हीपैकी एक निवडावंच लागतं. त्यात डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि आत बँकेचे कागद, ओळखपत्रांचे स्कॅन वगैरे असतील, तर बंद पडलेल्या डिस्कवरून ते पुसताही येत नाहीत, ते तसेच बाहेर जातात. मी अशा डिस्क वॉरंटीत असल्या तरी परत देत नाही, बोर्ड काढून घेते, तबकड्यांना भोकं पाडते आणि ई-कचऱ्यात देते.